तीन पक्षांची मतं एकत्र का येत नाहीत?

प्रश्न विचारणाऱ्यांनी आपल्या विधानसभा मतदारसंघाचा हिशेब मांडला आहे. मे २०२४ मध्ये लोकसभेला तिथून महाविकास आघाडीला (काँग्रेस, शिवसेना ठाकरे गट आणि राष्ट्रवादी शरद पवार गट) चांगलं मताधिक्य मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघात आघाडीचा उमेदवार पडला. ते विचारतात, "तिन्ही पक्ष स्वतःला धर्मनिरपेक्ष आणि पुरोगामी म्हणवतात, समोर विरोधक एकच आहे, मग तिघांच्या मतांची बेरीज का होत नाही? आणि होणारच नसेल तर प्रत्येकाने स्वबळावर का लढू नये?"

मी बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यात निवडणुकीचं काम करते. जागावाटपाच्या बैठकांसाठी मतदारसंघाची टिपणं काढणं, तिकीट कापलेल्यांशी बोलणं, बूथ बांधणं आणि महिलांच्या बैठका घेणं हे माझं काम. मी एका पक्षात आहे, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्या अभ्यासकाचा तटस्थपणा माझ्याकडे नाही. पण आघाडी आतून कशी चालते आणि कुठे अडते, हे जवळून पाहिलं आहे. त्यावरून सांगते.

तुमचा प्रश्न गणिताचा वाटतो, पण खरा प्रश्न निराळा आहे. एका पक्षाचा कायमचा मतदार दुसऱ्या पक्षाच्या चिन्हासमोरचं बटण का दाबेल, आणि ते दाबा म्हणून सांगायला त्याच्या दारात कोण जाईल? हे ठरलेलं असेल तर आघाडीला मतं मिळतात. ठरलेलं नसेल तर नेत्यांनी एका मंचावर कितीही वेळा हात उंचावले तरी मिळत नाहीत.

सगळ्या पराभवांचं खापर मी आघाडीच्या कारभारावर फोडणार नाही. निवडणूक कुठली आहे, सत्तेत कोण आहे, त्या हंगामात शेतमालाला काय भाव मिळाला, समोरच्याने कुठली योजना आणली, यावर बरंच अवलंबून असतं. लोकसभेला नाशिक-दिंडोरीच्या पट्ट्यात कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता, मराठवाड्यात मराठा आरक्षणाचा प्रश्न तापलेला होता, दलित वस्त्यांमध्ये संविधान बदललं जाईल ही खरीखुरी भीती होती. विधानसभेच्या वेळी हवा बदललेली होती, त्याबद्दल पुढे लिहिते. त्यामुळे 'लोकसभेला ३० खासदार आणि विधानसभेला ४६ आमदार' याचं एकच एक कारण कोणी सांगत असेल तर सावध राहा.

आता तुमच्या बेरजेकडे येते. तुम्ही २०१९ च्या विधानसभेचे आकडे धरून तीन पक्षांची मतं जोडली आहेत. त्या निवडणुकीत शिवसेना भाजपबरोबर लढली होती. जिथे धनुष्यबाण होता तिथे त्या मतांत भाजपचा मतदार मिसळलेला होता, आणि जिथे कमळ होतं तिथे शिवसेनेचा मतदार आकड्यात दिसतच नाही. त्यानंतर जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. कोणाचा किती मतदार कुठल्या गटाबरोबर गेला हे २०२४ पर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. जागावाटपाच्या बैठकीला प्रत्येकजण आपल्या सोयीचं वर्ष घेऊन येतो. एकाची यादी २००९ ची असते, दुसऱ्याची २०१९ ची, आणि तिसरा म्हणतो मागच्या जिल्हा परिषदेला या गणात आमचे सगळे निवडून आले होते. मी स्वतः टिपण काढताना फक्त सगळ्यात अलीकडच्या निवडणुकीचे बूथनिहाय आकडे धरते. बाकीचे आकडे इतिहास म्हणून ठीक असतात.

फाटाफुटीने नुकसान होतं हेही तितकंच खरं आहे. २०१९ च्या लोकसभेला नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजारांनी पडले आणि तिथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला १ लाख ६६ हजारांच्या आसपास मतं होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे सुमारे १ लाख ५८ हजारांनी पडले, वंचितच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजारांच्या घरात मतं होती. २०२४ मध्ये वंचितशी बोलणी फिसकटली आणि अकोल्यात पुन्हा तेच झालं. आंबेडकरांना पावणेतीन लाखांवर मतं पडली आणि काँग्रेसचा उमेदवार सुमारे ४० हजारांनी हरला. पण इथेही घाई करू नका. ही सगळी मतं काँग्रेसला 'मिळायलाच हवी होती' असं म्हणणं त्या मतदाराचा अपमान करणारं आहे. त्यातल्या अनेकांनी जाणूनबुजून वेगळं मत दिलं होतं, कारण वर्षानुवर्षं मतं घ्यायची आणि वाटा द्यायची वेळ आली की विसरायचं, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ते मत हवं असेल तर आधी त्यांच्याशी सन्मानाने वाटाघाटी कराव्या लागतात.

उत्तर प्रदेशात २०१९ च्या लोकसभेला समाजवादी पक्ष आणि मायावतींचा बहुजन समाज पक्ष (बसप) एकत्र आले. कागदावर ही देशातली सगळ्यात भक्कम बेरीज होती. ८० पैकी १५ जागा आल्या. त्यात बसप शून्यावरून १० वर गेला आणि समाजवादी पक्ष ५ वरच राहिला. निकालानंतर महिन्याभरात ही आघाडी मोडली आणि मोडताना मायावतींची तक्रारही हीच होती की मित्रपक्षाची मतं आपल्याकडे वळली नाहीत. म्हणजे मतं वळण्याचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. एकच आघाडी लोकसभेला का टिकते आणि विधानसभेला का उसवते?

लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. राज्यात ४८ गुणिले ६ म्हणजे २८८. लोकसभेला उमेदवार एक असतो, पण सहाही ठिकाणी प्रत्येक पक्षाचे विधानसभेचे इच्छुक बसलेले असतात. खासदार दुसऱ्या पक्षाचा झाला तरी त्यांचं काही बिघडत नाही. उलट आपल्या भागातून मोठं मताधिक्य दिलं की पाच महिन्यांनी तिकीट मागायला तोंड राहतं. म्हणून ते जिवाचं रान करतात, आपल्या खिशातून गाड्या लावतात आणि कुठल्या गावातून किती मतं दिली याचा तक्ता करून नेत्याला दाखवतात. मे २०२४ मध्ये मी जिथे जिथे काम केलं तिथे हेच चित्र होतं. आघाडीने लोकसभेला २८८ पैकी दीडशेहून अधिक विधानसभा मतदारसंघांत मताधिक्य घेतलं, त्यामागे या इच्छुकांची मेहनत मोठी होती.

विधानसभेला हेच इच्छुक एकमेकांसमोर येतात. तिकीट एकाला मिळतं, दोघांचं कापलं जातं. आणि कापलं जातं ते आयुष्याचं, कारण जागा एकदा मित्रपक्षाला सुटली की ती पुढच्या निवडणुकीतही त्यांचीच धरली जाते. पंधरा-वीस वर्षं तालुक्यात लग्नाला, दहाव्याला, जत्रेला हजेरी लावलेल्या माणसाला आपण सांगतो की विचारासाठी थांब. काही थांबतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच्यामागे जी शंभर-दोनशे पोरं उभी असतात त्यांचा साखर कारखाना, बाजार समिती, दूध संघ आणि पंचायत समितीत समोरच्या मित्रपक्षाच्या गटाशी उभा दावा असतो. एकमेकांवर पोलीस केसेस असतात. मुंबईत आघाडी झाली म्हणून गावातलं वैर मिटत नाही.

मतदानाच्या दिवशी याचा परिणाम कसा दिसतो ते सांगते. एका तालुक्यात तिकीट कापलेल्या मित्रपक्षाच्या इच्छुकाने जाहीर सभेत आमच्या उमेदवाराला हार घातला होता, फोटोही छापून आला होता. मतदानाच्या सकाळी त्याच्या पट्ट्यातल्या गावांत फिरले. शाळेपासून ठरलेल्या अंतरावर आमचं टेबल मांडलेलं होतं, त्यावर मतदारयादी होती, चिठ्ठ्यांचे गठ्ठे होते, पाण्याचा जार होता, आणि खुर्च्या रिकाम्या. ज्या पोरांवर ते गाव सोपवलं होतं त्यांचे फोन बंद. विरोधात कोणी गेलं नव्हतं, कोणी पैसे वाटले नव्हते, ती पोरं फक्त घराबाहेर पडली नव्हती. शेतावर जाण्याआधी मत देऊन जाणारी माणसं आली, टेबलावर कोणी नाही बघून समोरच्या टेबलावर गेली आणि तिथून चिठ्ठी घेऊन आत गेली. दुपारपर्यंत आम्ही दुसऱ्या गावातून माणसं आणली, तोवर निम्मं मतदान झालं होतं. बंडखोर निदान दिसतो, त्याच्याशी बोलता येतं. घरात बसलेला कार्यकर्ता निकालाच्या दिवशी आकड्यातच दिसतो.

याला जोडूनच वेळेचा प्रश्न येतो. माझ्या मते २०२४ च्या विधानसभेतलं सगळ्यात मोठं आणि टाळता येण्यासारखं नुकसान इथे झालं. २३ ऑक्टोबरला आघाडीने तिन्ही पक्षांना प्रत्येकी ८५ जागा, म्हणजे ८५-८५-८५ असं सूत्र जाहीर केलं. ही बेरीज २५५ होते, म्हणजे उरलेल्या जागांचं काय हा प्रश्न उघडाच. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर, मतदान २० नोव्हेंबर. शेवटी काँग्रेसने शंभरहून अधिक जागा लढवल्या आणि सूत्र सूत्रापुरतंच राहिलं. काही ठिकाणी दोन मित्रपक्षांचे उमेदवार माघारीच्या दिवसापर्यंत समोरासमोर होते. ४ तारखेला चित्र स्पष्ट झालं तर प्रचाराला जेमतेम दोन आठवडे उरतात. तेवढ्यात मित्रपक्षाच्या मतदाराला उमेदवाराचं नाव, चेहरा आणि चिन्ह तिन्ही नव्याने शिकवायचं असतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एबी फॉर्मबद्दल दोन वाक्यं. ए फॉर्ममध्ये पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाच्या सहीला आहे, आणि बी फॉर्ममध्ये त्या सहीने उमेदवाराचं नाव येतं. सही शाईची लागते, झेरॉक्स चालत नाही, आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो दाखल व्हावा लागतो. त्यामुळे जागेचा तिढा शेवटच्या रात्रीपर्यंत चालला की प्रत्येक पक्ष 'सुरक्षितता म्हणून' आपल्याही माणसाला फॉर्म देऊन ठेवतो. मग माघारीच्या दिवशी त्याची समजूत काढायची. एकदा वाजतगाजत मिरवणुकीने अर्ज भरला की गावासमोर मागे फिरणं माणसाला फार जड जातं. कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराने शेवटच्या क्षणी माघार घेतली आणि पक्षाला तिथे अपक्षाला पाठिंबा द्यावा लागला. सोलापूर दक्षिणेत जागा शिवसेना ठाकरे गटाकडे होती आणि ऐन मतदानाच्या दिवशी काँग्रेसच्या नेत्यांनी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. अशी बातमी एका मतदारसंघातली असते, पण ती मोबाइलवर पन्नास मतदारसंघांतल्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचते आणि 'आपणही मग कशाला राबायचं' हा विचार पसरतो.

सांगलीचं उदाहरण तुम्ही विचारलं नाहीत, पण ते टाळून हे उत्तर पुरं होणार नाही. लोकसभेला शिवसेना ठाकरे गटाने चंद्रहार पाटलांची उमेदवारी आधीच जाहीर केली. काँग्रेसचा तिथला जुना दावा होता, स्थानिक संघटना काँग्रेसची होती आणि वसंतदादांच्या घराण्याचं नाव होतं. त्याच घराण्यातले विशाल पाटील अपक्ष उभे राहिले, सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले, आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला. याचा अर्थ काही लोक 'बंडखोरी बरोबर होती' असा काढतात. मी तसा काढत नाही. जागा मागताना त्या जागेवर कोणाची माणसं बूथवर बसणार आहेत हे आधी विचारलं पाहिजे होतं, एवढाच अर्थ मी काढते. दावा सांगायला पत्रकार परिषद पुरते, पण सांगलीसारख्या जिल्ह्यात मतदान काढायला गावोगावचे सोसायटीचे चेअरमन लागतात.

याच्या उलट चांगलं उदाहरण बिहारचं आहे. २०१५ मध्ये लालूंचा राजद, नितीश कुमारांचा जदयू आणि काँग्रेस एकत्र आले. नितीश कुमारांचं नाव जूनमध्ये ठरलं, ऑगस्टमध्ये १००-१००-४० हे जागांचं वाटप जाहीर झालं (शेवटी ते १०१-१०१-४१ झालं) आणि पहिल्या टप्प्याचं मतदान ऑक्टोबरमध्ये होतं. दोन महिने हातात होते. लालू आणि नितीश यांची वीस वर्षांची दुश्मनी होती, त्यांच्या कार्यकर्त्यांची त्याहून कडवट. तरीही २४३ पैकी १७८ जागा आल्या. पुढे दोन वर्षांत ती आघाडी मोडली, तो भाग वेगळा. पण वेळेवर ठरवलं तर कडव्या विरोधकांचीही मतं एकमेकांना पडतात, हे तिथे दिसलं.

चिन्हाबद्दल शहरातल्या लोकांना फार वाटत नाही, पण माझा सगळ्यात जास्त वेळ यात जातो. २०२४ मध्ये आघाडीच्या तीनपैकी दोन चिन्हं नवी होती, ठाकरे गटाची मशाल आणि शरद पवार गटाचा तुतारी वाजवणारा माणूस. साताऱ्यात शरद पवार गटाचे शशिकांत शिंदे सुमारे ३३ हजारांनी हरले आणि तिथे तुतारीशी गल्लत होणारं ट्रम्पेट चिन्ह असलेल्या एका अपक्षाला ३७ हजार मतं पडली. दिंडोरीत आघाडीचा उमेदवार निवडून आला, तरी तिथेही ट्रम्पेटवाल्या अपक्षाला लाखभर मतं गेली. त्या अपक्षाचं आडनावही आघाडीच्या उमेदवाराचंच होतं. ज्या आजींनी आयुष्यभर पंजा किंवा घड्याळ बघून मत दिलं त्यांना मशीनसमोर काही सेकंदांत नवं चित्र ओळखायचं असतं. म्हणून मी महिलांच्या बैठकीत भाषण अगदी थोडं करते. नमुना मतपत्रिका मोठी छापून नेते, तिच्यावर आपला क्रमांक कितवा ते दाखवते, आणि प्रत्येकीला बोट ठेवायला लावते. मित्रपक्षाचं चिन्ह असेल तर हे दोनदा करावं लागतं, कारण हात सवयीने जुन्या चित्राकडे जातो.

आता विचाराचा मुद्दा. 'तिघेही धर्मनिरपेक्ष, मग अडचण काय' असं तुम्ही म्हणता. संविधानातलं धर्मनिरपेक्षतेचं मूल्य मला प्राणाइतकं महत्त्वाचं वाटतं, मी राजकारणात त्यासाठीच आले. पण ते मूल्य जाहीरनाम्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं म्हणजे मत मिळत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये आघाडीचा किमान समान कार्यक्रम आला, त्याच्या सुरुवातीलाच संविधानातल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांची बांधिलकी होती. लोकांच्या लक्षात राहिली ती दहा रुपयांची शिवभोजन थाळी आणि दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी. यात वाईट काही नाही. ज्याच्या ताटात अन्न पडलं तो मग तुमचं संविधानावरचं बोलणंही ऐकतो.

मूल्य मतात उतरतं ते धोका अंगावर आल्यासारखा वाटला की. २०२४ च्या लोकसभेला धुळ्यात आघाडीची उमेदवार पाच विधानसभा मतदारसंघांत मागे होती आणि एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यच्या मताधिक्यावर जेमतेम ३,८३१ मतांनी जिंकली. दक्षिण मुंबईत भायखळा आणि मुंबादेवीच्या मुस्लिम वस्त्यांनी मशालीला मतं दिली, ज्याची दहा वर्षांपूर्वी कोणी कल्पनाही केली नसती. तिथल्या माणसांनी मन मोठं करून जुनं बाजूला ठेवलं. ही आघाडीची खरी कमाई होती, आणि तिला आपण गृहीत धरलं. विधानसभेला उमेदवारी देताना त्या समाजाच्या वाट्याला काय आलं याचं उत्तर बैठकीत विचारलं की लोक फाइल चाळायला लागत.

आणि विधानसभेला समोरून लाडकी बहीण आली. महिन्याला १,५०० रुपये, मतदानाआधी पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात. आघाडीने ३,००० रुपयांचं आश्वासन ६ नोव्हेंबरला दिलं, मतदानाच्या दोन आठवडे आधी. आधी त्याच योजनेवर टीका करून झाली होती. मी ज्या घरांत गेले तिथल्या बायका मला शांतपणे सांगायच्या, "ताई, त्यांचे आलेत. तुमचे येतील तेव्हा बघू." त्या बायकांना दोष देण्यासारखं यात काही नाही. स्वतःच्या नावावर आलेले पहिले पैसे काय असतात हे त्यांनाच माहीत. चूक आपली, की तीन पक्षांना एका आकड्यावर यायला नोव्हेंबर उजाडला. समोरच्या महायुतीला (भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी) साधारण ४९-५० टक्के आणि आघाडीला ३५ च्या आसपास मतं पडली. एवढा फरक फक्त बंडखोरीने पडत नाही, हेही मान्य करायला हवं. लोकसभेला दोन्ही बाजू ४३-४४ टक्क्यांवर जवळपास बरोबरीत होत्या. म्हणजे आपण फार पुढे होतोच असं नाही, जागांच्या आकड्याने तसा भास झाला आणि जागावाटपात प्रत्येकजण जिंकल्यासारखाच बोलत राहिला.

मुख्यमंत्रिपदाच्या चेहऱ्यावरून बरीच चर्चा होते. मला तो मुद्दा तेवढा मोठा वाटत नाही. महायुतीनेही चेहरा जाहीर केला नव्हता. नुकसान झालं ते चेहऱ्यावरून जाहीरपणे महिनोन्महिने वाद चालल्याने.

स्वबळाचं काय? आपल्याकडच्या इतिहासात त्याची उत्तरं आहेत. फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तिच्यात समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), शेड्युल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष होते, निवडणुकीत हिंदू महासभा आणि जनसंघही जोडीला आले. मागणी एकच होती आणि ती शेतकऱ्यापासून गिरणी कामगारापर्यंत प्रत्येकाला कळत होती. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचा धुव्वा उडाला. १ मे १९६० ला राज्य झालं, मागणी पुरी झाली, समिती विस्कटली. १९६२ मध्ये तेच पक्ष वेगवेगळे लढले आणि काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. अलीकडचं पाहायचं तर २०१४ ची विधानसभा घ्या. काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगळे लढले, ४२ आणि ४१ वर आले आणि भाजप १२२ वर गेला. पण त्या निवडणुकीत शिवसेनाही भाजपपासून वेगळी लढून ६३ आणू शकली. म्हणजे स्वबळ कोणाला झेपतं हे त्या वेळच्या ताकदीवर ठरतं, सरसकट नियम नाही.

माझं मत विचाराल तर लोकसभा आणि विधानसभेला, जिथे एका मताने पुढे असणारा सगळं घेऊन जातो, तिथे विरोधी पक्षांनी एकत्र लढण्याला पर्याय नाही. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये लोकसभेला ४८ मतांनी जागा गेली, हे डोळ्यांसमोर ठेवा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, नगरपालिकेला मात्र जिल्ह्याजिल्ह्याने वेगळा निर्णय घेऊ द्यावा. ती कार्यकर्त्याची निवडणूक असते. तिथेही त्याला थांबवलं तर तो मोठ्या निवडणुकीत तुमच्यासाठी बाहेर पडणार नाही. अट एकच ठेवावी, वेगळे लढताना एकमेकांवर अशी चिखलफेक नको की सहा महिन्यांनी शेजारी बसता येणार नाही.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर जुन्या आकड्यांची बेरीज फसवी असते, लोकसभेला इच्छुकांचा स्वार्थ आघाडीच्या बाजूने असतो आणि विधानसभेला विरोधात जातो, उशिरा सुटलेली जागा निम्मी हरलेली असते, आणि विचाराला रोजच्या जगण्यातला एक ठोस मुद्दा जोडावा लागतो.

तुमच्या तालुक्यात काय करता येईल? जागा कोणाला सुटणार याची वाट बघत बसू नका. तिन्ही पक्षांच्या तालुकाध्यक्षांनी निवडणुकीच्या वर्षभर आधीपासून महिन्याला एकदा भेटावं, आणि ती भेट निवडणुकीवर नको. पीकविमा, पाणंद रस्ता, रेशनकार्ड, खतांची टंचाई यांपैकी एखाद्या विषयावर तहसीलदारांना एकत्र निवेदन द्यावं. तहसीलच्या आवारात दोन तास एकत्र उभं राहिलेली पोरं नंतर एकमेकांचे फोन उचलतात. ज्याचं तिकीट कापलं जाणार आहे त्याला ते पेपरात वाचायला लागू नये. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायको-मुलांसमोर सांगावं, आणि पुढे काय मिळेल हे बोलताना हातात नसलेलं काही कबूल करू नये. विधान परिषदेची आश्वासनं इतक्यांना दिली जातात की आता कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा बाजार समितीचं सभापतिपद, जिल्हा परिषदेचा एखादा गट असं तालुक्याच्या हातातलं बोलावं.

पोलिंग एजंट नेमताना तर हमखास चूक होते. एजंटचा फॉर्म उमेदवाराच्या सहीने निघतो, म्हणून उमेदवार सगळीकडे आपल्याच पक्षाची माणसं बसवतो. ज्या गावात मित्रपक्षाची मुळं आहेत तिथे मुख्य एजंट त्यांचाच असावा. त्याला त्या गावातला प्रत्येक मतदार नावाने माहीत असतो, कोण पुण्याला कामाला गेलंय आणि कोण येणार आहे हेही माहीत असतं. शिवाय गावात त्याचा मान राहतो, आणि मान राहिला की त्याची पोरंही टेबलावर येतात. मतदान संपल्यावर सतरा-सी फॉर्मची, म्हणजे त्या केंद्रावर एकूण किती मतं नोंदली गेली त्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय एजंटने केंद्र सोडू नये, हे त्याला आदल्या रात्री समोर बसवून सांगा.

छोट्या पक्षांबद्दल एक विनंती आहे. शेकाप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, समाजवादी, रिपब्लिकन गट यांच्याशी बोलणी सगळ्यात शेवटी करायची वाईट सवय मोठ्या पक्षांना आहे. सांगोल्यात २०२४ ला आघाडीतल्याच पक्षाने शेकापसमोर उमेदवार दिला आणि तरीही जागा शेकापने जिंकली, कारण त्या तालुक्यात शेकापचे जुने आमदार गणपतराव देशमुख यांनी बांधलेली माणसं होती. अशा जागा राज्यात थोड्याच आहेत. त्या आधीच सोडून दिल्या तर तो पक्ष बाकीच्या पंचवीस-तीस मतदारसंघांत मनापासून काम करतो.

तुमच्या मतदारसंघाचं नेमकं निदान करायचं असेल तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुकांचा फॉर्म २० उतरवून घ्या. त्यात प्रत्येक बूथवर कोणाला किती मतं पडली ते असतं. बूथचे क्रमांक बदललेले असू शकतात, म्हणून गावाच्या आणि शाळेच्या नावाने जुळवा. दोन्हींचे आकडे शेजारी मांडले की तीन प्रकारची गावं दिसतील. काही ठिकाणी आपली मतं तेवढीच राहिली आणि समोरच्याची वाढली. तिथे योजना आणि समोरच्याची यंत्रणा यांनी काम केलं. काही ठिकाणी आपली मतं अपक्षाकडे गेली. आणि काही ठिकाणी आपली घटली, पण समोरच्याची फारशी वाढली नाही. त्या तिसऱ्या यादीतल्या गावांत कोणाचा गट आहे आणि त्याचं तिकीट कापलं होतं का, हे आधी तपासा. ती यादी इथे टाकलीत तर पुढचं गावनिहाय बोलता येईल.